सरळ लोंबणारी पट्टी

विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी माझी यादी जवळजवळ संपली होती. कागदाच्या पट्ट्या, चिकटपट्टी, तक्ता, सगळ्यांपुढे खुणा झाल्या होत्या. तक्ता तोंडपाठ म्हणणारी नववीतली मुलगीही तयार होती. ती कुहीहून रोज बसने आमच्या नागपूरच्या शाळेत येते. उरली होती फक्त शेवटची तालीम.

"पंखा बंद करा," मी म्हणाले. वर्ग कुरकुरला, पण पंख्याच्या वाऱ्यात हा प्रयोग होत नाही. मुलीने पट्टीचं टोक ओठांखाली धरलं. दुसरं टोक वाकून खाली झुकलं होतं. तिने वरून फुंकर मारली आणि पट्टी उचलली गेली.

"वरची हवा वेगाने जाते, म्हणून तिथला दाब कमी होतो. विमानाच्या पंखाचंही असंच असतं," ती म्हणाली. टाळ्या पडल्या.

मग गंमत म्हणून तिने पट्टी चिमटीत सरळ लोंबती धरली आणि एका बाजूने वरून खाली फुंकलं. पट्टी ढिम्म.

"जोरानं फुक न वं! जेवली नाही का?" मागच्या बाकावरून आवाज आला.

चेहरा लाल होईपर्यंत ती फुंकत राहिली. "मॅडम, इकडची हवा तर जोरात जाऊन राहिली. मंग कागद इकडे काहून नाही येऊन राहिला?"

मीही फुंकून पाहिलं. काही नाही. "उद्या हे दाखवू नकोस," मी म्हणाले.

"मंग मी बोलतच नाही उद्या. कोणी हेच विचारलं तं?"

तिच्याऐवजी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. स्टाफरूममध्ये भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले, "पुस्तकात आहे ते सांगा न मॅडम. कागदाचं काय घेऊन बसता!"

घरी भाताच्या कुकरची शिट्टी होईपर्यंत वाचत बसले. वाकलेल्या पट्टीवरून जाताना हवाही तिच्यासोबत वाकते, खाली वळते. हवा खाली जाते, पट्टी वर येते. सरळ पट्टीपाशी हवेला वळायला काही कारणच नाही. वाचताना पटलं. पण मग दाबाचं काय, हे पुस्तक मिटल्यावर मला सांगता येईना.

सकाळी मुलीला जेवढं कळलं होतं तेवढंच सांगितलं.

"म्हणजे तुमालेही पुरं नाही समजलं?"

"नाही."

ती पहिल्यांदा हसली. तक्त्यावरचं 'म्हणून'पासूनचं वाक्य तिने कोरा कागद चिकटवून झाकलं आणि शेजारी एक पट्टी सरळ टांगली. मी तिला अडवलं नाही. आपण बरोबर करतोय की नाही, तेही कळत नव्हतं.

परीक्षक आले. तिने फुंकर मारून वाकलेली पट्टी उचलून दाखवली. त्यांनी टांगलेल्या पट्टीकडे बोट केलं. "ही कशाला?"

"सर, ही हलत नाही. वाकलेल्या पट्टीवर हवा वळते, इथं वळत नाही, एवढं माहीत आहे. बाकी आम्हाले अजून नाही समजलं. तुम्ही फुकून पाहा न."

परीक्षकांनी चष्मा काढून फुंकलं. पुन्हा फुंकलं. पट्टीकडे बघत राहिले. मग दारापाशी उभ्या मुलांकडे वळून म्हणाले, "अरे, जरा तो तिकडचा पंखाही बंद करा बरं."