ज्या दिवशी वाहतं, त्याच दिवशी

"आज पट्टी काढू नका, बाई. आत्ताच पाळी आलीय," म्हणत सुमन टेबलावरून उतरू लागली. डॉ. कमलाबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "झोप, कण्णा," त्या तमिळ लाडाच्या शब्दानं म्हणाल्या, "आजच पाहायचें आहे."

चेन्नईतल्या नुंगंबाक्कमच्या त्या दवाखान्यातला माझा तो पहिला आठवडा. मी साहित्य शिकलेली. रुग्णांशी बोलून त्यांची हकीकत समजून घेणं हे माझं काम. सुमनचा नवरा श्रीपेरुंबुदूरला मोटारींच्या कारखान्यात होता. सिझेरियननंतर तिच्या टाक्यांजवळ एक बारीक छिद्र उरलं होतं आणि ते महिन्याच्या महिन्याला वाहायचं. पण पाळीत डॉक्टरांकडे जायचं नाही, ही घरची शिस्त. ती पाळी संपल्यावर जायची, तोवर छिद्र सुकलेलं असायचं. कुणी टाक्यांचा संसर्ग म्हणालं, कुणी गर्भाशय काढायला सांगितलं. तिला आणखी एक मूल हवं होतं.

पट्टी निघाली. छिद्रातून पाळीचंच रक्त येत होतं. जखम भरताना गर्भाशयापासून पोटाच्या कातडीपर्यंत एक वाट तयार झाली होती. असा फिस्टुला क्वचितच होतो.

"बाई, तुम्हाला विटाळ..."

"तंजावूरला आमच्या घरीं मला या दिवसांत कोपऱ्यांत बसवीत. तिथें बसून ॲनाटॉमी पाठ केली. विटाळाचे माझ्यावर उपकार आहेत."

सुमन हसली. हसताना पोट हललं, रक्त आणखी आलं. "हास अजून," बाई म्हणाल्या, "नीट दिसतें."

पुढे तपासण्या झाल्या. बाईंनी ती वाट कापून काढली आणि गर्भाशय शिवून राखलं.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. एखाद्या नव्या डॉक्टरनं रुग्णाला "पाळी झाल्यावर या" म्हटलं, की आतल्या खोलीतून अजून बाईंचा आवाज येतो, "कां? तोवर तुझें लग्न आहे?" त्यांचे हात असेच स्थिर राहोत, प्रकृती ठणठणीत राहो आणि आम्हाला ही बोलणी पुष्कळ वर्षं बसोत.

तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या पाळीची सुमनला धास्ती होती. ती आली त्या संध्याकाळी तिनं फोन केला. "आठवड्यानं येऊ का?" बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "उद्यां ये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली. बाईंनी पट्टी काढली. ती कोरडी होती.