हलकी चाकं

लातुरात आमच्या गल्लीत एक गृहस्थ राहतात. बोलता बोलता समोरच्याच्या गाडीच्या टायरला हळूच लाथ मारून बघायची त्यांना खोड आहे. दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात अख्खी गल्ली टँकरची वाट बघत होती, आणि हे आपल्या छोट्या गाडीला टायर रुंद घ्यावेत की आधी लोखंडी चाकं काढून हलकी अलॉयची बसवावीत, यावरच बोलत होते.

"चाक हलकं असलं की गाडी हरणावानी पळती बगा, सर!"

शेवटी नांदेडहून दोन्ही आणलं. प्रत्येक चाकावर विभूतीचे पट्टे ओढले. टायरखाली लिंबू मात्र बायकोला ठेवू दिलं नाही. "नव्या रबराला आंबट कशाला?"

दुसऱ्याच दिवशी ते औशाहून, सासुरवाडीच्या विहिरीवरून परतले. मागची सीट काढून गाडीत पाण्याचे कॅन कोंबलेले, आणि गाडी पार खाली बसलेली.

मी म्हणालो, "हेच का तुमचं हरीण? काय मिळालं चाकं हलकी करून?"

त्यांनी एक भरलेला कॅन उचलून माझ्या उंबऱ्यावर ठेवला.

"ह्यो. चाकांचं जेवढं वजन वाचलं, तेवढाच ह्यो. लोखंडी चाकं असती, तर ह्यो विहिरीवरच ठिवून यावा लागला असता."