दिपमालाचे शनिवार

दिपमाला धुळ्यात देवपूरला राहते आणि घरूनच पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्राम लिहिते. त्याला अकरा वर्षं झाली. यंदा उन्हाळ्यात तिचं आठवड्याचं काम एआयनं एका सकाळीत उरकलं. तिला फक्त ते तपासायला सांगितलं. महिनाभरात टीममधल्या सहांपैकी दोघांना कंपनीनं घरी बसवलं. तेव्हापासून फोन वाजला की आता आपलाच नंबर, असं तिला वाटे.

तिच्या ओळखीचे कौतिकभाऊ शेतात ठिबकचं पाणी आपोआप चालू-बंद करणारी यंत्रं बसवतात. नोकरी गेलीच तर हाताशी दुसरं काम असावं, म्हणून ती दर शनिवारी त्यांच्याबरोबर शिकायला जाऊ लागली. पहिल्याच दिवशी तिनं वायर चुकीची जोडली आणि कपाशीऐवजी मिरचीला पाणी सुटलं. छत्तिसाव्या वर्षी पहिलीतल्या मुलासारखं चुकावं, याची तिला लाज वाटली.

शेताचे मालक झुलालनाना बांधावर बसून बघत होते. चांगली नोकरी असताना ही इथं कशाला, हे त्यांना कळेना. त्यांनी अहिराणीत विचारलं, "बेटा, तुले चांगली नोकरी शे ना? मंग आठे कसाले?"

"शे, नाना. पन कितला दिन ऱ्हाई, मालूम नही."

नानांनी उठून स्वतःच नळ बंद केला. "कर परत," एवढंच म्हणाले.

सप्टेंबरात कंपनीच्या साहेबांनी मीटिंग घेतली. तिची नोकरी राहिली, पण मार्चपर्यंतच. पुढचं पुढे बघू, असं ते म्हणाले. तिच्या नवऱ्यानं, नवीननं, सुटकेचा निःश्वास टाकला.

"चला, सहा महिने तरी मिळाले!"

दिपमालाला ते सहा महिने फार थोडे वाटले. तिनं लगेच कौतिकभाऊंना फोन लावला.

"भाऊ, रविवारीपण येऊ का?"