कॉम्प्युटरचा कौल

डिलाईल रोडच्या चाळीतली शेवंता परब तेवीस वर्षं पाय दुमडून झोपली, आणि त्याला कारण एक कॉम्प्युटर. हसू नका. दहा बाय दहाच्या खोलीत लोखंडी टेबल, त्यावर हंड्याएवढा मॉनिटर आणि बाजूला प्रिंटर मांडला, की माणसाच्या पायांना जागा उरते कुठे?

नवरा धोंडू मिलमध्ये कापड विणायचे साचे चालवायचा. संपात मिल गेली, मग तो गिरगावातल्या एका कॉम्प्युटर क्लासात शिपाई लागला. चौऱ्याण्णव साली क्लासला कुलूप लागलं, तेव्हा मालकाने शाल-श्रीफळ द्यायचं सोडून एक कॉम्प्युटरच त्याच्या गळ्यात मारला. घरी आल्यापासून तो एकदाही चालू झाला नाही. पण दसरा आला की धोंडू मिलमधल्या साच्याला घालायचा तसा त्याला झेंडूचा हार घालायचा, हळदकुंकू लावायचा. शेवंताने भंगारवाल्याचं नाव काढलं की हा भडकायचा, "गप गो! पूजलेली वस्तू आसा ती."

"मग माझे पाय काय भाड्याचे आसत?"

दोन हजार सतरा साली दादरचा रघुवीर उगवला. त्याला जुने कॉम्प्युटर जमवायचा नाद. चाळीतल्या कुणीतरी मोबाईलवर टाकलेला फोटो बघून धावत आलेला. आठ हजार देतो म्हणाला. शेवंताने तिथल्या तिथे त्याच्या हातावर लाडू ठेवला. पण धोंडू म्हणाला, कौल लावल्याशिवाय हलवायचा नाही. गावी देवाला विचारतात तसं त्याने मॉनिटरच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली.

तीन महिन्यांनी रघुवीर पंचवीस हजार घेऊन आला. डावी. दिवाळीनंतर सत्तर हजार. पुन्हा डावी!

"अरे, बंद डब्याचे सत्तर हजार?" शेवंताचा जीव वरखाली. "तेवढ्यात नाक्यावर चालू असलेले दोन येतील."

"मावशी, चालू कुणालाही मिळतो," रघुवीर कळवळून म्हणाला. "असा बंद कुठे मिळतो हो आता?"

शेवंताने कप्पाळावर हात मारला.

धोंडूची तर कॉलर ताठ. देवालाच भाव कळतो म्हणे. शेवंता मात्र पाकळ्यांकडे बघत बसली आणि तिच्या डोक्यात प्रकाश पडला. टेबलफॅन डाव्या अंगाला. वाऱ्याने तीच पाकळी आधी सुकणार, तीच आधी गळणार. यात देव कुठे आला मेला! पुढच्या खेपेला रघुवीर लाखावर गेला, तेव्हा धोंडू आंघोळीला गेलाय बघून तिने फॅन उचलला आणि उजवीकडे नेऊन ठेवला.

उजवी पडली. धोंडूने हात जोडले, रघुवीरने डोळे पुसले आणि चाळीतल्या चौघांनी मिळून कॉम्प्युटर, बाळंतिणीला न्यावं तसा जपून, जिन्यावरून खाली नेला. टेबलही गेलं.

दुपारी शेवंताने दार लोटलं, खोलीच्या मधोमध चटई टाकली आणि आडवी झाली. "सुटलंय गो बाय," म्हणत तिने पाय लांब करायला घेतले. गुडघे अर्ध्यावर आले आणि अडले. तिने जोर लावला तशी कळ मस्तकात गेली. धोंडू तेलाची वाटी घेऊन धावला, चोळत बसला, पण गुडघे काही सरळ होईनात. समोर भिंतीपर्यंत लादी मोकळी पडलेली. शेवंताला आधी हसू फुटलं, मग ती ढसाढसा रडली.

"ऱ्हवांदे ओ," ती नवऱ्याचा हात धरून म्हणाली. "माझे पाय पण त्याच्यावांगडाच जिना उतरून गेले."