दातांवरची खूण

तपासनिसांचा आयुष्यात एकाच गोष्टीवर ठाम विश्वास होता. संधी मिळाली की माणूस हात मारतो.

सत्तावीस वर्षं ते पाण्याची मीटरं तपासत होते. काट्यात अडकवलेली टाचणी त्यांनी पाहिली होती. उलटं बसवलेलं मीटर पाहिलं होतं. गरीब गाईसारख्या आजोबांनी मीटरवर ठेवलेलं लोहचुंबकही पाहिलं होतं. घरी आलेली दुधाची पिशवीसुद्धा ते उजेडात धरून बघत. बायको म्हणायची, "अहो, माझंही सील तपासून घ्या एकदा." यावर ते हसत नसत.

मुलगी घरून इमारतींचे नकाशे काढायची. तिचा कॉम्प्युटर दर वीस मिनिटांनी डोळे मिटायचा. दोन नकाशे उशिरा गेले. काम देणाऱ्या बाईंनी सांगून टाकलं, तिसरा शनिवारी सहाच्या आत आला नाही तर काम दुसऱ्याला.

म्हणून एक जादाचं मशीन जुळवायचं ठरलं. कचेरीच्या भंगारातलं कॅबिनेट. पुतण्याने टाकून दिलेला मदरबोर्ड, प्रोसेसरसकट. माळ्यावरच्या जुन्या मशीनमधल्या रॅमच्या दोन पट्ट्या. मुलीच्या मशीनमधली डिस्क. नवा म्हणावा असा एकच, वीज पुरवणारा एसएमपीएस, तोही सगळ्यात स्वस्त. बाकी सगळे भाग बारा गावचं पाणी प्यायलेले.

आणि ते जोडणार कोण, तर बायकोचा भाऊ. त्याचं दुरुस्तीचं दुकान होतं. इथेच तपासनिसांच्या मनात पाल चुकचुकली.

शुक्रवारी मेहुण्याने प्रत्येक भाग त्यांच्यासमोर चालवून दाखवला. "भाऊजी, सगळं ठणठणीत आहे. पट्ट्या तर झकास. असला माल आता मिळत नाही."

शेवटचं वाक्य त्यांना खटकलं. मिळत नाही, म्हणजे मागणी आहे. मागणी आहे, म्हणजे बदलता येईल.

"ठेवून जा. उद्या दुपारी बसवून देतो," मेहुणा म्हणाला आणि गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला बाहेर गेला. तपासनिसांनी खिशातून बायकोची नेलपॉलिशची बाटली काढली. रंगीत नव्हे, बिनरंगाची. रंगीत खूण चोराला दिसते, हा त्यांचा अनुभव होता. जागाही विचार करून निवडली. पट्टीच्या तळाला सोनेरी दात असतात आणि ते खाचेत बसतात. तिथे कोण बघणार? दोन्ही पट्ट्यांच्या दातांवरून त्यांनी ब्रश फिरवला. फुंकर मारली. परत जाताना त्यांना फार दिवसांनी हलकं वाटलं.

शनिवारी दोन वाजता फोन आला. मशीन चालू होत नव्हतं.

"काल चालत होतं," तपासनीस म्हणाले.

"तेच तर. नुसतं बीप बीप करतंय. रॅम गेली असं वाटतंय."

"दोन्ही? एकदम?"

"मलाही कळत नाहीये, भाऊजी."

त्यांनी मुलीला बरोबर घेतलं. वाटेत ती फक्त घड्याळाकडे बघत होती. नकाशाचं सॉफ्टवेअर असलेली तिची डिस्क याच मशीनमध्ये बसवलेली होती, आणि निम्मा नकाशा अजून बाकी होता.

"मामा, दुसरी रॅम लाव ना," ती दुकानात शिरताच म्हणाली.

"या जातीची माझ्याकडे नाही गं. उद्या येईल. दुकानातल्या मशीनची याला बसत नाही. तुझी डिस्क तिथे लावून बघितली, तर तीही दिसेना."

"उद्या काय उपयोग?"

तपासनिसांनी टॉर्च काढला. "पट्ट्या दाखव."

मेहुण्याने पट्ट्या हातात दिल्या. त्यांनी एक तिरकी धरली. दातांवर पातळ चकाकी होती. दुसरीवरही होती. त्यांचीच खूण. काहीच बदललेलं नव्हतं. क्षणभर त्यांची चक्क निराशा झाली.

"काय बघताय?" मेहुण्याने विचारलं. "दात मी दोनदा पुसले. त्यांच्यावर नुसती धूळ बसली तरी ही बया मुकी होते. आता मात्र हात टेकले."

टॉर्च तसाच चालू राहिला. तपासनिसांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गप्प राहिलं तर कुणाला कधीच कळणार नव्हतं. दोन जुन्या पट्ट्या गेल्या, एवढंच. मुलगी स्टुलावर बसून बाईंना निरोप लिहीत होती. लिहायची, पुसायची.

"धूळ नाही," ते म्हणाले. "नेलपॉलिश आहे."

"कुणाचं?"

"तुझ्या ताईचं."

"ताई कधी आली इथे?"

"मी लावलं. खूण म्हणून."

मेहुण्याने पट्टी हातात घेतली. नखाने खरवडून बघितली.

"आणखी कुठे लावलंय?"

"मदरबोर्डच्या पाठीला. डिस्कच्या पिनांजवळ."

"जवळ की वर?"

"...वर."

"बाबा!" मुलगी उभी राहिली.

"भाऊजी, तुम्हाला वाटलं मी पोरीच्या पट्ट्या ढापीन?"

"तसं नाही."

"मग कसं?"

हाच प्रश्न तपासनिसांनी शेकडो दारांत विचारला होता. समोरचा का गप्प बसतो, ते आज कळलं.

"समोर बांगड्या-टिकल्यांचं दुकान आहे," मेहुणा म्हणाला. "नेलपॉलिश काढायचं घेऊन या. तुम्हीच जा."

ते गेले. दुकानातल्या बाईने कोणत्या कंपनीचं हवं म्हणून विचारलं. त्यांनी मान खाली घालून हाताला लागली ती बाटली उचलली.

दात आणि पिना पुसायला पाऊण तास लागला. मेहुणा कापूस फिरवत होता, तपासनीस टॉर्च धरून उभे. तीन वाजून पन्नास मिनिटांनी एकच बीप वाजलं आणि पडदा उजळला. मुलीने स्टूल पुढे ओढलं.

मेहुण्याने हात धुतले. "मी जेवून येतो. सकाळपासून उपाशी आहे." काउंटरवरच्या किल्ल्या त्याने उचलल्या नाहीत. "तुम्ही आहात ना."

दुकान उघडं होतं. फळ्यांवर लोकांची मशीनं, ट्रेमध्ये सुटे प्रोसेसर, खोक्यात पट्ट्या. तपासनीस मधोमध बसले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना सुचेना.

सहाला दहा मिनिटं असताना मुलगी म्हणाली, "गेला." थोड्या वेळाने बाईंचं उत्तर आलं. नकाशा मिळाला, पुढचा सोमवारी.

मेहुणा अजून आला नव्हता. तपासनीस उठले आणि दारात जाऊन रस्त्याकडे बघत उभे राहिले.