पहिल्या सहा महिन्यांचं दूध

अठ्ठावीस वर्षं मी हे कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याला त्यातलं अर्धं माहीत आहे, उरलेलं अर्धं आत्ताआत्तापर्यंत कोणालाच नव्हतं. आता सांगते, कारण या दिवसांत माझं मन इतकं भरून आलंय की त्यात काही दडवायला जागाच उरली नाही.

आधी आनंदाचं सांगू द्या. माझ्या सुजाताला जुळं होणार आहे. लग्नाला पाच वर्षं झाली, दोनदा दिवस राहून गेले, तिसऱ्या वेळी आम्ही कोणी काही बोलतच नव्हतो — आणि सोनोग्राफीत ठोके निघाले दोन. जावई वरठीच्या कारखान्यात आहे. शिफ्ट सुटली तसा मोटारसायकल घेऊन थेट लाखनीच्या पुढं आमच्या गावापर्यंत आला. ही गोष्ट फोनवर सांगावीशी वाटली नाही म्हणे. दारात उभा राहून, हेल्मेट न काढता, दोन बोटं दाखवली. मला वाटलं, दोन दिवस राहायला आला असेल. कळलं तेव्हा चहा ठेवायला गेले आणि साखरेच्या जागी दोन चमचे मीठ टाकलं. त्यानं तो चहा पूर्ण पिला.

आता आठवा सरत आलाय. सुजाता माहेरी आली आहे. समोरच्या खोलीत सगळं दोन-दोन मांडलंय — दोन दुपटी, दोन टोपरी, दोन वाट्या, दोन चमचे. मी दिवसातून चारदा त्या घड्या मोडते आणि पुन्हा घालते. बावन्न वर्षांच्या बाईला हे शोभतं का? न शोभू दे.

डॉक्टरीण बाईंनी मागच्या तपासणीत सांगितलं, पहिलं दूध आईचंच. पण जुळी आहेत, लवकर येतील, दूध उशिरा उतरलं किंवा कमी पडलं तर अडून बसायचं नाही, पावडरच्या दुधाची तयारी ठेवा. झालं. त्या दिवसापासून सुजातानं वहीच काढली. कोणत्या डब्यात काय, किती पाण्याला किती मापं, उघडल्यावर किती दिवस चालतो. मी तीस वर्षं अंगणवाडीत काढली, पण तिच्यासारखं बारीक वाचणं मला कधी जमलं नाही. लाखनीच्या मेडिकलमध्ये आम्ही दोघी जवळजवळ तासभर उभ्या होतो. ती एकेक डबा फिरवून मागचं वाचायची, दुकानदार नवा डबा काढून ठेवायचा. मागं ट्रक जात होते, काउंटर थरथरत होता, आणि मला वाटत होतं हा तास संपूच नये. "हा पहिल्या सहा महिन्यांचा, हा त्याच्या नंतरचा," ती मला समजावून सांगत होती, "चुकून हा दुसरा नको घ्याले." मी मान हलवत होते. शेवटी एक ठरला. डॉक्टरीणबाईंना फोन करून तिनं खात्रीही केली.

आणि डबा पिशवीत टाकताना ती जरा खाली पाहून म्हणाली, "आई, मले लाजच वाटून राहिली. तू त मले सहा महिने पाण्याचा थेंब नाही देला. नुसतं आपलं दूध पाजलं. अन् मी आधीच डबा घेऊन बसली."

मी काय म्हणायला हवं होतं? "चल, उन्हं चढून राहिली," एवढं म्हटलं.

कारण सुजाता डब्यावर वाढली आहे.

माझा मोठा मुलगा झाला तेव्हा मला दूध आलंच नाही म्हणावं इतकं कमी. सासूनं गाईच्या दुधात पाणी घालून पाजलं, पोरगा वर्षभर हाडाचा सापळा. म्हणून सुजाताच्या वेळी सातव्या महिन्यातच मी नवऱ्याला म्हटलं, या वेळी आधीच डबा आणून ठेवू. मुद्दाम भंडाऱ्याला गेलो, लाखनीत ओळखीचे भेटतात म्हणून. एसटीत मी खिडकीशी, मांडीवर मोकळी पिशवी, आणि पोटात ती लाथा मारतेय. ते दिवस आठवले की अजून अंगावर काटा येतो — चांगला काटा. नवरा शाळेत शिपाई होता, त्याला इंग्रजी अक्षरं लावता यायची. त्यानं दुकानात डब्यावरचं एकेक अक्षर लावून वाचलं आणि म्हणाला, "हाच बरोबर आहे." येताना तो डबा त्यानं स्वतःच्या मांडीवर ठेवला. मला हातही लावू देईना.

घरी आल्यावर डबा गेला तांदळाच्या पिंपात. वर चार बोटं तांदूळ.

का लपवला? मी अंगणवाडी सेविका होते. नवीन नोकरी. "सहा महिने फक्त आईचं दूध" हे मीच बायांना शिकवायची, भिंतीवर मीच रंगवलेलं होतं. ते शिकवणं बरोबरच होतं, आजही आहे. पण बाईला कमी दूध असू शकतं, तेव्हा काय करायचं, हे मी कोणाला सांगितलं नाही. मला माहीत असून. सुजाता झाली, दूध या वेळीही थोडंच. दार लावून मी तिला वाटी-चमच्यानं पाजायची. पोरगी गुटगुटीत झाली. रजा संपल्यावर तिला मांडीवर घेऊन अंगणवाडीत बसायची, आणि बाया म्हणायच्या, बाईंच्या दुधात कस आहे. मी हसायची.

तुम्ही म्हणाल, एवढंच? इथपर्यंत मी नुसती खोटारडी आहे. पुढचं वेगळं आहे.

आमच्या शेजारच्या घरी रंजना होती. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी लहान, पहिलटकरीण. सुजातानंतर अडीच महिन्यांनी तिला मुलगी झाली. तिलाही दूध येईना. तिच्या भावानं कुठूनसा एक डबा आणून दिला. रंजना भोळी — लपवायचं तिच्या ध्यानीमनी नव्हतं. बुद्धविहारात माता बैठक होती, आमच्यावर देखरेख करणाऱ्या मुख्यसेविका येणार होत्या, आणि ही डबा पिशवीत घालून घेऊन आली. मला विचारायला, की पाणी किती घालायचं.

मला विचारायला आली होती. हे लक्षात ठेवा.

मुख्यसेविका बसलेल्या. पंधरा-वीस बाया. मी तो डबा तिच्या हातून घेतला, वर धरला आणि म्हटलं, "पाहा, ज्या आईले कंटाळा येते ते असं करते." बाया हसल्या. मग मी सुजाताला उचलून दाखवलं. म्हटलं, "ही पाहा, आईच्या दुधावरची पोरगी." मुख्यसेविका खूश झाल्या, माझं नाव लिहून नेलं. रंजना पदर तोंडाशी धरून बसून राहिली. तिला दूध कसं तयार करायचं, ते मी सांगितलं नाही. तिला डबाही परत घ्यावासा वाटला नाही. तिथंच ठेवून गेली.

थांबा, अजून आहे.

महिन्याच्या वजनाला तिनं पोरीला आणलं. काट्यावर ठेवली. वजन वाढायचं ते नाहीच, जन्माच्या वजनाहून थोडं खालीच आलेलं. वजनाचे आकडे मला वाचता येतात, ते माझं कामच होतं. तिला तेव्हाच दवाखान्यात पाठवायला हवं होतं. रंजनानं विचारलं, "बाई, काय करू?" मी म्हटलं, "पाज. अजून पाज." आणि घरी येऊन पिंपातला डबा काढून माझ्या पोरीला पाजलं.

एक दिवस नाही. तीन आठवडे हे चाललं. मला रोज वाटायचं, आज जाऊन सांगते. काय लागत होतं? दोन घरांमधलं अंतर, आणि एक वाक्य — रंजना, मलेही नाही येत दूध. तेवढं वाक्य मला जड झालं. ते बोलले असते तर बायांमधली माझी किंमत गेली असती. एका लेकराच्या अंगावरचं मांस एका पारड्यात, माझी किंमत दुसऱ्या पारड्यात. कोणतं पारडं खाली गेलं, ते तुम्हाला कळलंच आहे.

शेवटी तिचा भाऊच आला आणि पोरीला दवाखान्यात घेऊन गेला. आठ दिवस भरती होती. डॉक्टरांनी डब्याचंच दूध सुरू केलं, कसं करायचं ते रंजनाला उभं राहून शिकवलं. पोरगी वाचली. कविता तिचं नाव. चालायला उशिरा लागली, अंगानं बारीकच राहिली. ते त्यामुळंच का, कोणी सांगू शकत नाही, आणि मी त्या "कोणी सांगू शकत नाही"च्या मागं उभी राहणार नाही. आज ती दिघोरीला नांदते, तिला दोन मुलं आहेत.

आता ते, जे नवऱ्यालाही माहीत नाही.

दवाखान्यातून आल्यावर रंजना माझ्याकडं आली. हातात बोरांची पुरचुंडी होती. ओसरीवर बसली, आणि म्हणाली, "बाई, तुमी सांगितलं तसं माह्याच्यानं नाही झालं. डबा द्याच लागला. रागावू नका मले."

आणि मी तिला माफ केलं. पाठीवर हात ठेवून म्हटलं, "जाऊ दे, होते असं." बोरं ठेवून घेतली. ती किती हलकी होऊन गेली, मी दारातून पाहिलं. त्या दिवसापासून ती मला मानत आली. कविताच्या लग्नात पहिली साडी तिनं मला नेसवली.

लाखनीहून परत आलो त्या दुपारीच मी सुजाताला सगळं सांगितलं. डब्याचं ऐकून ती आधी हसली. पोट धरून, जपून हसली. "म्हणजे मी डब्यावरची," म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावरची लाज गेलीच एकदम. कधीपासून मनावर धरलेलं ओझं ते, मीच दिलेलं. डबा काढून तिनं पुन्हा एकदा निरखला. मग मी रंजनाचं सांगितलं. तिचं हसू थांबलं. बराच वेळ ती टोपऱ्यांच्या नाड्या सरळ करत राहिली.

"रंजनामावशीले माहीत आहे?"

"नाही."

तिनं टोपरी एकावर एक ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रंजनाकडं गेले. ती अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होती. मला पाहून आनंदली. "जुळे कधी येऊन राहिले बाई? मी त दोन दुपटे शिवाले घेतले," म्हणाली. तिची उत्सुकता माझ्याइतकीच. मी खाली बसले आणि सांगून टाकलं. पिंप, डबा, वजनाचा दिवस, बोरं. काही वगळलं नाही. मध्ये "नवीन नोकरी होती" असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

तिचे हात थांबले होते. सुपातली लाखोरी एका बाजूला सरकत गेली. ती रागावली नाही, रडली नाही. माझ्याकडं न पाहता तिनं एवढंच विचारलं.

"तेव्हा पोरगी लय रडे, बाई. तुमाले घरात ऐकू ये?"

आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे.

"ये," मी म्हटलं. "रोज ये."

तिनं मान हलवली. सूप सरळ केलं आणि पुन्हा पाखडायला लागली. मी थोडा वेळ बसले, मग उठून घरी आले.