कॅप्टन घाबरले नाहीत तेव्हा

आमचे हे विमान चालवतात, आणि यांच्याइतका भित्रा माणूस मी अजून बघितलेला नाही. घरातला बल्ब मी बदलते, कारण हे स्टुलावर चढत नाहीत. गच्चीच्या कठड्यापाशी जात नाहीत. लग्न ठरलं तेव्हा माझा भाऊ म्हणाला होता, "ताई, पायलट म्हणून करतेयस खरी, पण हा माणूस झोपाळ्यावरसुद्धा पाय टेकवून बसतो." यांना विचारलं तर म्हणतात, "झोपाळ्याला ब्रेक कुठे असतो?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. यांचं तोंड कधी पोळलंच नाही, तरी हे ताक फुंकतात, वर मलाही फुंकायला लावतात. सुरुवातीला मी चिडायचे. मग एकदा यांच्या मागे विमानात बसले आणि माझं मत बदललं. उडायच्या आधी हे टायरला हात लावून आले, पुन्हा गेले, पुन्हा हात लावला. ढग दिसले की वळसा, वारा जास्त वाटला की "आज नको." लोक हसायचे आणि मी मागे खुशाल पेंगायचे. सगळ्यांच्या वाटची भीती एकटा माणूस भिऊन घेत असेल, तर बाकीच्यांनी कशाला भ्यायचं?

आम्ही दोघं एकाच घरी नोकरीला आहोत. साहेबांचा सिमेंटचा कारखाना आहे. हे त्यांचं विमान चालवतात आणि मी त्यांच्या आईची नर्स. आजींचं डावं अंग गेलंय, जीभ मात्र दोघांना पुरेल एवढी शाबूत आहे. यांना त्या तोंडावर भागूबाई म्हणतात आणि हे निमूट ऐकून घेतात.

तेव्हाचं विमान पंख्याचं होतं, लहान. कुठे जायचं ठरलं की हे दिवाणखान्यात वजनकाटा मांडायचे आणि सगळ्यांना सामानासकट त्यावर उभं करायचे. साहेब, वहिनी, त्यांची दोन्ही पोरं, सुटकेसा, आणि शेवटी चाकाच्या खुर्चीसकट आजी. वहिनी दर वेळी म्हणायच्या, "कॅप्टन, आकडा मोठ्याने वाचायची गरज नाही." पण वजन करावंच लागायचं, कारण कारखान्याच्या आवारातली आमची धावपट्टी आखूड आहे. एका टोकाला टेकडी. दुसऱ्या टोकाला जाळीचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे दगडाची जुनी खाण, पाण्याने भरलेली. वाढवायची म्हटली तरी जागा नाही.

जेट घ्यायचं निघालं ते आजींमुळे. साहेबांची बहीण खूप लांब राहते. आजींना लेकीला भेटायचं होतं, आणि लहान विमानात त्यांना आडवं होता येत नव्हतं, शिवाय मध्ये तेलासाठी उतरावं लागायचं. साहेब म्हणाले, सगळं घर एकदम जाईल, आई झोपून जाईल, एका दमात जाईल, असं विमान बघा. नव्यासाठी बरीच वर्षं थांबावं लागणार होतं. आजी म्हणाल्या, "मी थांबेन रे, पण वरचा थांबणार आहे का?" म्हणून वापरलेलं बघायचं ठरलं.

पहिलं बघितलं ते समुद्राकाठी वर्षभर उघड्यावर उभं होतं. हे बॅटरी घेऊन त्याच्या खाली उताणे झोपले आणि अंगभर धूळ लावून बाहेर आले. "पोटात गंज आहे, साहेब." दुसऱ्याच्या इंजिनात नळीने कॅमेरा घालून आतलं बघितलं, तर पात्यांना खरचटलेलं. तेही नको. साहेब वैतागले. म्हणाले, "कॅप्टन, तुमच्या पसंतीवर राहिलो असतो तर आमचं लग्नच झालं नसतं."

तिसरं बघायला मीही गेले होते, आजींची खुर्ची दारातून जाते का ते बघायला. विमान लांबलचक, पांढरं शुभ्र. आत साहेब ताठ उभे राहू शकत होते. सोफा ओढला की पलंग व्हायचा. दलाल टाय सावरत एकेक कळ दाबून दाखवत होता. मी खिडकीतून यांच्याकडे बघितलं. यांनी विमानाच्या नाकाला हात लावला होता आणि तो काढतच नव्हते. मग एक फेरी मारली, रमतगमत, बागेत फिरल्यासारखी, आणि वर येऊन म्हणाले, "छान आहे. हेच घ्या, साहेब."

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी हळूच म्हटलं, "अहो, वजनं करायची नाहीत का?"

"बसेल गं सगळं," हे म्हणाले.

बसेल गं सगळं. हे वाक्य या माणसाच्या तोंडून मी लग्नानंतर पहिल्यांदा ऐकलं. साधी पिशवी भरताना हा माणूस बटाटे खाली की वर यावर विचार करतो.

पुढच्या आठवड्यात दलालाने चाचणीसाठी सगळ्यांना फिरवून आणलं. मोठ्या विमानतळावरून निघायचं आणि आमच्या धावपट्टीवर उतरायचं. विकणाऱ्यांचा पायलट डावीकडे, मुख्य पायलटच्या खुर्चीत, हे उजवीकडे. दिवस कोरडा, ऊन लख्ख, सामान कुणाचंच नाही, तेलही थोडंच. आजींना मी सोफ्यावर पट्ट्याने बांधून घेतलं आणि शेजारी बसले.

चाकं टेकली आणि विमान पळतच राहिलं. आमचं जुनं विमान त्याच्या शेडपाशी, हँगरपाशी, येईपर्यंत मुंगीच्या चालीवर यायचं. हे हँगर मागे टाकून गेलं. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी मागे गेली. मग खिडकीत कुंपण आलं, त्याची तार न् तार दिसायला लागली, आणि तारांमधून खाणीचं हिरवं पाणी दिसलं. आजींची नखं माझ्या मनगटात रुतली. एक धक्का बसला, जळक्या रबराचा वास आला आणि विमान थांबलं.

"बघितलंत? जागा उरली," दलाल म्हणाला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

हे पुढून बाहेर आले ते हसतच. चेहऱ्यावर घामाचा टिपूस नाही. मला कुंपणाची भीती वाटली होती, पण त्या हसण्याची त्याहून जास्त वाटली. खुर्ची ढकलताना आजी पुटपुटल्या, "पोरी, आज भागूबाई कुठे गेली गं?"

घरी आल्यावर मी चहाचं आधण ठेवलं आणि तोंड उघडलं. "सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही. विमान केवढं पळालं ते दिसलं नाही तुम्हाला?"

"थांबलं ना?"

"थांबलं म्हणे. आणि भरलेलं असलं तर? पावसात?"

हे चिडले. माझ्यावर हे कधी चिडत नाहीत, चिडायलाही घाबरतात. म्हणाले, "मी तरुणपणी जेटच्या पायलटांच्या निवडीला गेलो होतो, ठाऊक आहे ना? त्यांनी परत पाठवलं. माणूस फार बिचकतो म्हणाले. सगळा जन्म पंखे फिरवले. आता डोळ्यांची तपासणी दर वेळी जड जायला लागलीय. हे शेवटचं आहे माझं. आयुष्यभर भीत आलो, आता एकदा नाही भ्यायचं मला. गुन्हा आहे का?"

मला त्यांची दया आली, खोटं कशाला बोलू. पण मी म्हटलं, "तुम्ही भीत होतात म्हणून मी मागे झोपत होते."

हे चहा न घेताच उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणखान्यात सही व्हायची होती. साहेब, दलाल, हे, आणि कोपऱ्यात आजींना घेऊन मी. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि म्हणाले, "कॅप्टन, शेवटचं विचारतो. घेऊ?"

"घ्या, साहेब."

नोकराने बोलायचं नसतं, आणि नवऱ्याविरुद्ध चारचौघांत तर त्याहून नाही. माझी पाचावर धारण बसली होती. तरी मी म्हटलं, "साहेब, आजींसाठी दुसरी नर्स बघा. मी या विमानात बसणार नाही."

"का, सिस्टर? काय झालं?"

"हे घाबरत नाहीयेत, म्हणून."

दलाल हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी या माणसाला याच दिवाणखान्यात पोरांची दप्तरंसुद्धा तोलताना बघितलं होतं. ते यांच्याकडे वळले.

हे जमिनीकडे बघून म्हणाले, "धावपट्टी कोरडी असेल तर थांबेल. ओली असेल, आणि सगळे बसलेले असतील, तर नाही थांबणार."

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. बघायला जाण्याआधीच मी हिशेब केला होता."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. हे घाईघाईने म्हणाले, "पण पाऊस असला की इथे उतरायचं नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं, साहेब. मोठ्या विमानतळावर उतरवलं असतं."

"आणि आईला मध्येच त्रास व्हायला लागला असता, आणि मी ओरडलो असतो की घरीच उतरवा, तर?"

यांनी टोपण उचललं आणि पेनाला लावून टाकलं.

मी तिथेच उभी होते. मला वाटलं होतं की यांना दिसलं नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला दिसत नाही, म्हणून मी मनातल्या मनात माफही करून टाकलं होतं. पण यांना सगळं दिसलं होतं. आजी त्या सोफ्यावर असणार, पोरं खिडकीपाशी असणार आणि आजींच्या उशाशी मी असणार, हे ठाऊक असून हे "घ्या" म्हणाले होते. मी आजींच्या खुर्चीची मूठ धरली. आजींनी उजवा हात माझ्या हातावर ठेवला.

साहेबांनी यांना काढलं नाही. काढलं असतं तर बरं, असं हेच मला नंतर म्हणाले. पुढे दुसरंच जेट घेतलं, बसकं, जुन्या चालीचं. साहेब त्यात वाकून चालतात आणि दर वेळी कपाळ आपटून घेतात, पण ते भर पावसातही हँगरच्या अलीकडे थांबतं. डावीकडच्या खुर्चीत आता एक कॅप्टनबाई आहेत, यांच्याहून बऱ्याच लहान. हे उजवीकडे बसतात. आजी लेकीला भेटून आल्या, दोनदा.

घरी आम्ही त्याबद्दल बोलत नाही. यांनी एकदाच विषय काढला, "तुला काही झालं नसतं गं," म्हणाले. चांगलं माणूस आहे. जन्मात एकदाच मोहात पडलं. पण एकदा भीती गिळता आलेला माणूस पुन्हाही गिळू शकतो, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

आता उडायच्या आधी हे मागे येतात. आजींचा पट्टा ओढून बघतात, मग माझा. खाली वाकून माझ्या कानाशी म्हणतात, "मला भीती वाटतेय, बरं का." पूर्वी असं कधी सांगत नव्हते, सांगावं लागत नव्हतं. मी मान हलवते. खरंच वाटतेय, की मला बरं वाटावं म्हणून म्हणतात, ते ओळखायला मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहते. तेवढ्यात पुढचं दार लागतं आणि विमान पळायला लागतं.